शून्यतेचा अभ्यास कोठून सुरू करावा: खानदेशातील नवसाधकांसाठी

गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य बुद्धांना प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेकडे पाठविले, अशी कथा सुत्तनिपात या पाली ग्रंथाच्या शेवटच्या वर्गात येते. त्यांच्या प्रवासाचे टप्पेही तेथे क्रमाने दिलेले आहेत: आधी प्रतिष्ठान म्हणजे पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती आणि अखेरीस मगधातील पाषाणक चैत्य. माहिष्मती म्हणजे नर्मदेवरील महेश्वर असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि पैठणहून नर्मदेकडे निघालेल्या माणसाला अजिंठ्याचे डोंगर उतरून, तापी ओलांडून सातपुड्याच्या पलीकडे जावे लागते. म्हणजे ही वाट खानदेशातूनच गेली असली पाहिजे. या सोळांपैकी पंधराव्याचे नाव मोघराज. मृत्युराजाच्या नजरेस पडू नये यासाठी जगाकडे कसे पाहावे, असा त्याचा प्रश्न होता, आणि त्याने आधी दोनदा विचारूनही बुद्धांनी त्याला उत्तर दिले नव्हते. तिसऱ्या वेळी मिळालेले उत्तर असे आहे: मोघराजा, सदैव स्मृतिमान, म्हणजे सजग, राहून जगाकडे शून्य म्हणून पाहा, आत्म्याची दृष्टी उपटून टाक, म्हणजे मृत्यू तरून जाशील.

या उत्तरात ‘पाहा’ हे क्रियापद आहे, ही गोष्ट नवसाधकाने सर्वप्रथम लक्षात घ्यावी. मोघराजाला विश्वाविषयीचा सिद्धांत पाठ करण्यास सांगितलेले नाही. एक काम सांगितले आहे, आणि ते स्मृतीने करावयाचे आहे. आपल्याकडे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वर्षावासात ग्रंथवाचन ऐकणारे, बुद्धवंदना नित्य म्हणणारे, एखादे दहा दिवसांचे शिबिर करून आलेले असे पुष्कळ लोक आहेत, पण ‘सर्व शून्य आहे’ हे वाक्य कानावर आले की त्यांतील अनेकांची गाडी अडते. काहींना ते निराशेचे वाटते, काहींना ते इतके उंच वाटते की आपल्यासारख्याने त्या वाटेला जाऊच नये. माझ्या मते दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: शून्यता ही अगोदर समजावयाची आणि नंतर आचरावयाची गोष्ट आहे असे आपण गृहीत धरतो. पुढे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम म्हणूनच उलटा आहे. आधी पाहण्याची रीत येते, शून्यतेचा सिद्धांत मांडणारा आचार्य नागार्जुन बराच नंतर येतो.

बसण्यापूर्वी

तयारीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, परंतु ती टाळू नये. पंचशीलाचे पालन बऱ्यापैकी सांभाळले जात असावे. ज्याच्या डोक्यात काल बोललेले खोटे फिरते आहे, त्याला शांत बसणे जमत नाही, हे कोणीही स्वतःवर पडताळू शकतो. त्याचबरोबर आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव, रोज अर्धा तास याप्रमाणे काही आठवडे झालेला असावा. मन एका जागी थोडे टिकत नसेल तर पुढील पायऱ्यांचे केवळ विचार होतात, दर्शन होत नाही. वेळ पहाटेची धरावी. आपल्याकडचा एप्रिल-मे पाहता दुसरा पर्याय फारसा उरतही नाही.

पहिली पायरी: कशाने शून्य, असे विचारणे

संयुक्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात बुद्धांचा शिष्य आनंद विचारतो, ‘भन्ते, जग शून्य आहे, जग शून्य आहे, असे म्हणतात, ते कोणत्या अर्थाने?’ बुद्धांचे उत्तर थोडक्यात असे आहे की जग आत्म्याने आणि आत्मीयाने, म्हणजे ‘मी’ने आणि ‘माझे’ने शून्य आहे, म्हणून त्याला शून्य म्हणतात. पुढे ते डोळा, दिसणारे रूप, डोळ्याचे विज्ञान, म्हणजे दिसण्याची जाणीव, त्यांचा स्पर्श, म्हणजे एकत्र येणे, आणि त्या स्पर्शातून उपजणारी सुख-दुःखाची वेदना अशी एक एक गोष्ट घेतात, आणि तोच क्रम कान, नाक, जीभ, शरीर व मन यांना लावतात. डोळा नाही किंवा रूप नाही असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. म्हणून शून्य हा शब्द ऐकताच ‘कशाने शून्य?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. ज्या वाक्यात या प्रश्नाला उत्तर नसते, ते वाक्य नवख्याने सध्या बाजूला ठेवावे, मग ते कितीही गंभीर आवाजात सांगितलेले असो.

सरावासाठी शेतजमीन हा विषय चांगला आहे, कारण ‘माझे’ हा शब्द आपण तिच्याइतका ठासून दुसऱ्या कशालाही लावत नाही. सातबारा उताऱ्यावर आपले नाव असते. जुने फेरफार काढून पाहिले तर त्याच गटावर वडिलांचे, आजोबांचे आणि त्यांच्या आधी भलत्याच कोणाचे नाव आढळते. एखाद्या सकाळी बांधावर उभे राहून, घाई न करता, त्या जमिनीत ‘माझेपणा’ नेमका कोठे आहे हे शोधावे. ढेकळात पाहावे, ओलीत पाहावे, कपाशीच्या मुळांशी पाहावे. माती सापडते, ओल सापडते, मुळे सापडतात, पण माझेपणा त्यांत सापडत नाही. तो कागदावर आहे, शेजाऱ्याच्या मान्यतेत आहे आणि आपल्या मनातील पकडीत आहे.

येथे लगेच एक शंका येते, आणि ती रास्त आहे: मग सातबारा खोटा समजावयाचा काय? मुळीच नाही. पीककर्ज त्यावर मिळते, वारसाचा हक्क त्यावर ठरतो, आणि बहिणीचे नाव त्यातून गुपचूप वगळले तर तो अन्यायच ठरतो. व्यवहारसत्य आणि परमार्थसत्य हा भेद बौद्ध परंपरेत पुढे फार बारकाईने मांडला गेला. आपल्याला आरंभी इतकेच पुरे की उतारा व्यवहारात खरा आहे आणि मातीत शोधू गेल्यास ‘माझे’ सापडत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जमिनीवर हे जमले की तोच शोध श्रवणाला लावावा. पहाटे बसले असता लांबून ट्रॅक्टरचा आवाज येतो. आवाज आहे, कान आहे, ऐकणे घडत आहे, किंचित नकोसेपणाही आहे. त्यानंतर, बहुधा निमिषभराने, ‘मला त्रास होतो आहे’ हे वाक्य तयार होते. वाक्य नंतर येते, हे एकदा जरी स्वच्छ दिसले तरी ही पायरी झाली असे समजावे. ते दिसावे म्हणून धडपडू मात्र नये. धडपडीचेही लगेच एक वाक्य होते.

दुसरी पायरी: काय नाही आणि काय उरले आहे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली संग्रहातील १२१वे सुत्त, म्हणजे उपदेश, चूळसुञ्ञत, नवख्यांना सहसा कोणी वाचावयास देत नाही, आणि याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण शून्यतेचा पायरीपायरीचा अभ्यास इतक्या साधेपणाने दुसरीकडे क्वचितच सांगितलेला आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विशाखा या उपासिकेने बांधलेल्या प्रासादात बुद्ध आनंदाला सांगतात की हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे यांनी शून्य आहे, सोन्या-रुप्याने शून्य आहे, स्त्री-पुरुषांच्या गर्दीने शून्य आहे. अशून्य आहे ते एवढेच, म्हणजे येथे बसलेला भिक्षुसंघ. मग नियम येतो: जे तेथे नाही, त्याने ते स्थान शून्य आहे असे पाहावे, आणि जे उरले आहे, ते ‘आहे’ असे जाणावे.

नियमाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक लोक विसरतात. उरलेले प्रामाणिकपणे मोजणे हाही शून्यतेचाच अभ्यास आहे.

सुत्तातील भिक्षू गावाची संज्ञा सोडतो, माणसांची संज्ञा सोडतो आणि अरण्याच्या एका संज्ञेवर मन स्थिर करतो. संज्ञा म्हणजे मनात उभी राहणारी ओळख. आपल्या सरावात अरण्याच्या जागी शेत चालेल, सातपुड्याच्या पायथ्याचे माळरान चालेल, पाटणादेवीचे जंगल तर उत्तमच. पद्धत अशी ठेवावी. घरून निघताना मन घराने भरलेले असते: मुलीची फी, जळालेली डीपी, कापसाचा पडलेला भाव, भाऊबंदकीतील एखादे जिव्हारी लागलेले बोलणे. शेतावर पोहोचल्यावर झाडाखाली बसावे, काही वेळ श्वासाकडे लक्ष द्यावे, आणि मग तपासावे की येथे घराची गडबड आहे काय. पुष्कळदा असे आढळते की पाय शेतात आहेत आणि मन अजून ओसरीवर बसलेले आहे. तसे असेल तर ‘घर नाही’ असे स्वतःला बजावू नये, कारण ते खरे नाही. घर उरलेले आहे, असे सरळ नोंदवावे आणि पुन्हा श्वासाकडे वळावे. शेताची एकच संज्ञा, म्हणजे समोरचा हिरवा विस्तार आणि त्यात आपण बसलो आहोत एवढी जाणीव, जेव्हा ठरते, तेव्हा दोन्ही गोष्टी पाहाव्यात: गावामुळे जो ताण मनावर होता तो आता नाही, आणि शेतामुळे जो थोडा ताण आहे, म्हणजे पाणी द्यावयाचे आहे, तण वाढले आहे, तो मात्र आहे. सुत्तात या ताणाला दरथ म्हटले आहे. प्रत्येक पायरीवर एक दरथ गळतो आणि एक, आधीपेक्षा बारीक, उरतो.

त्यापुढे सुत्त भूमीच्या संज्ञेकडे नेते. शंभर खुंट्या ठोकून ताणलेले बैलाचे कातडे जसे सुरकुतीशिवाय दिसते, तशी चढ-उतार, नद्या, खुंट, काटे, डोंगर यांचा विचार सोडून भूमी पाहावी, असे तेथे सांगितले आहे. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पसरलेल्या काळ्या जमिनीत राहणाऱ्याला ही सूचना समजण्यास कठीण जाऊ नये. बांध, नाला, बाभूळ, शेजाऱ्याचा गोठा हे सर्व मनातून बाजूला ठेवावे आणि केवळ सपाट काळी भुई उरू द्यावी. काही जणांना येथे छातीत मोकळे वाटते, काहींना झोप येते. झोप आली तर डोळे उघडावेत, उभे राहावे, आणि पुन्हा शेताच्या संज्ञेपासून आरंभ करावा.

सुत्त येथे थांबत नाही. अनंत आकाश, अनंत विज्ञान, आकिंचन्य (काहीच नसणे) आणि नैवसंज्ञानासंज्ञा (संज्ञा आहे असेही नाही आणि नाही असेही नाही) या चार अरूप पायऱ्या, त्यानंतर अनिमित्त, म्हणजे कोणतीही खूण न धरणारी, समाधी, आणि शेवटी आस्रवांपासून, म्हणजे मनाच्या खोल मळांपासून, मुक्त झालेले चित्त, असा तो क्रम आहे. अखेरच्या टप्प्यावरही, जिवंत शरीर आणि त्याची सहा आयतने, म्हणजे मनासह सहा इंद्रिये, एवढे उरले आहे, असे नोंदवलेलेच आहे. नवसाधकाने मात्र भूमीपाशी थांबावे. पुढील पायऱ्या खोल समाधीच्या आहेत, आणि अनुभवी आचार्याच्या सान्निध्याशिवाय त्यांची केवळ कल्पना होते. गाव, शेत आणि भूमी या तीनच पायऱ्या वर्षभर केल्या तरी वेळ वाया गेला असे होणार नाही.

शहरात राहणाऱ्याने किंवा एमआयडीसीत पाळीवर काम करणाऱ्याने शेत नाही म्हणून हा सराव सोडू नये. विहाराचे सभागृह दुपारी रिकामे असते. तेथे माणसे नाहीत, खुर्च्या आहेत, पंखा आहे, आणि संध्याकाळच्या पाळीची चिंताही आहे. एवढे सामान पुरेसे आहे.

तिसरी पायरी: केळीचा खांब

आता बाहेरून आत वळावयाचे. फेणपिंडाच्या उपमेचे सुत्त संयुक्त निकायात आहे, आणि त्यात पाच स्कंधांना, म्हणजे ज्यांना आपण ‘मी’ म्हणतो त्या शरीर-मनाच्या पाच घटकांना, पाच उपमा दिल्या आहेत: रूप गंगेवर वाहत येणाऱ्या फेसाच्या गोळ्यासारखे, वेदना पावसाच्या थेंबाने उठणाऱ्या बुडबुड्यासारखी, संज्ञा उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यातील भर दुपारच्या मृगजळासारखी, संस्कार केळीच्या खांबासारखे आणि विज्ञान चव्हाट्यावरील जादूगाराच्या खेळासारखे. यांपैकी चौथी उपमा रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील माणसाने इतर कोणाच्याही आधी समजावी अशी आहे.

सुत्तातील माणूस झाडाचा टणक गाभा शोधत धारदार कुऱ्हाड घेऊन वनात जातो आणि एक मोठी, सरळ, कोवळी केळ पाहतो. ती मुळाशी तोडतो, शेंडा उडवतो, आणि एक एक सोपट सोलत जातो. त्याला साधे लाकूडही मिळत नाही, मग गाभा कोठून मिळणार? बागाईतदार येथे हरकत घेईल की निसवणीच्या वेळी खांबाच्या मधून दांडा वर येतो, तेव्हा आत काहीच नाही असे कसे म्हणता? पाली मजकुराने ही हरकत आधीच ओळखलेली दिसते, कारण त्या केळीला एक विशेषण मुद्दाम लावलेले आहे: आत अजून दांडा न धरलेली, म्हणजे आपल्या भाषेत न निसवलेली. उपमा देणाऱ्याने केळ जवळून पाहिली होती, याविषयी मला तरी शंका वाटत नाही.

संस्कार म्हणजे मनाच्या घडणी: इच्छा, राग, हट्ट, ठरवाठरवी. सरावासाठी राग घ्यावा, पण ताजा घेऊ नये. चार-सहा दिवसांपूर्वीचा, अजून थोडी धग असलेला घ्यावा. समजा, पाटाच्या पाण्याची आपली पाळी शेजाऱ्याने मोडली. शांत बसून तो प्रसंग आठवावा आणि राग उठला की कुऱ्हाड न चालवता सोपटे सोलावीत. वरच्या थरात शरीराची उष्णता आणि आवळलेला जबडा सापडेल. त्याच्या आत ‘तो नेहमीच असे करतो’ हे वाक्य असेल. ते बाजूला केले की गेल्या वर्षीची एक आठवण, तिच्या आत पीक करपण्याची भीती, त्याच्याही आत रात्रीच्या विजेने आलेला जागरणाचा शीण. प्रत्येक थर पाहावा आणि विचारावे: राग तो हाच काय? उत्तर प्रत्येक वेळी ‘हा त्याचा एक भाग आहे’ असे येते. शेवटी रागावलेला असा कोणी टणक ‘मी’ मधोमध बसलेला सापडत नाही.

मात्र एवढ्यावर राग निरुपद्रवी होता असे समजू नये. टणक गाभा नसलेली तीच केळ पुढे निसवते आणि वजनदार घड धरते. गाभा नसणे आणि परिणाम नसणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा अभ्यास वाकडा जातो. शेजाऱ्याने पाळी मोडली हे व्यवहारात खरे आहे. त्याच्याशी बोलावे लागेल, गरज पडल्यास पाणी वापर संस्थेकडे तक्रारही करावी लागेल. फरक पडला तर तो एवढाच की ते बोलणे रागाच्या मालकीचे राहत नाही.

चौथी पायरी: कारणे मोजणे

‘गाभा सापडत नाही’ हे पाहिल्यावर ‘का सापडत नाही’ हा प्रश्न येतो, आणि येथे नागार्जुनाची गरज पडते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा हा आचार्य, आणि परंपरा त्याचा संबंध सातवाहन राजाशी जोडते. त्याच्या मूलमध्यमककारिकांच्या चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी असा आरोप करतो की सर्व शून्य मानले तर चार आर्यसत्ये, संघ, धर्म आणि बुद्ध हे सर्व नाहीसे होतील. नागार्जुनाचे उत्तर आरोपच उलटविणारे आहे: वस्तू स्वभावाने, म्हणजे स्वतःच्या बळावर, कशावरही न विसंबता असत्या, तर दुःख उत्पन्नही झाले नसते आणि त्याचा निरोधही झाला नसता. जे प्रतीत्यसमुत्पन्न आहे, कारणांवर विसंबून उपजलेले आहे, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो, आणि मध्यम मार्ग तोच, असे त्याच प्रकरणात पुढे येते.

हे डोक्यात बसविण्यासाठी फलाटावर किंवा मालमोटारीत भरला जाणारा केळीचा एक घड घ्यावा आणि तो ज्यांच्याविना झाला नसता त्या गोष्टी एका कागदावर लिहीत जाव्यात: कंद, तापीच्या खोऱ्याचे पाणी, ठिबकची नळी, पंपाची वीज, खत, कापणी करणारे मजूर, व्यापाऱ्याचा फोन, दिल्लीतील मागणी. यादी संपत नाही, आणि यादीतील कोणतीही एक गोष्ट ‘घड’ नाही. मग हीच यादी स्वतःविषयी करावी: भाषा कोणाकडून आली, ही भूक कशामुळे लागते, ही चिडचिड कालच्या कोणत्या गोष्टीतून आली. लेखी करावे, मनातल्या मनात केलेली यादी दोन ओळींत थांबते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात शून्यतेवर थोडाच मजकूर आहे, पण तो नेमका आहे. शून्यता म्हणजे उच्छेदवाद, म्हणजे काहीच नाही असे मत, नव्हे, ती क्षणोक्षणी होणारे परिवर्तन आहे, आणि तिच्यामुळेच सर्व काही शक्य होते, असे ते सांगतात. बाबासाहेबांनी अनित्यतेच्या बाजूने मांडणी केली आणि नागार्जुनाने कारणसापेक्षतेच्या बाजूने. तरी दोघांचाही रोख एकाच ठिकाणी आहे की जे बदलू शकत नाही असे आपल्याला सांगितले जाते, ते बदलू शकते. आपल्या विहारांत बाबासाहेब आणि नागार्जुन हे जणू दोन वेगळ्या गावचे पाहुणे असल्यासारखे वागविले जातात. या दोघांचा मजकूर एकाच बैठकीत, पाठोपाठ वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोठे सावध राहावे

नागार्जुनानेच बजावले आहे की चुकीच्या रीतीने पाहिलेली शून्यता मंदबुद्धीच्या माणसाचा नाश करते, आणि जे शून्यतेलाच एक मत बनवून धरून बसतात ते असाध्य होत. व्यवहारात ही चूक तीन रूपांत दिसते.

पहिले रूप म्हणजे बेफिकिरी: सर्व शून्य आहे, तर शील कशाला? याचे उत्तर केळीच्या घडात येऊन गेले आहे. दुसरे रूप अधिक वाईट आहे, कारण ते दुसऱ्यावर वापरले जाते. ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे किंवा ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला ‘हे सारे शून्य आहे’ असे सांगणे म्हणजे करुणेचा अभाव लपविणे होय. ‘जात मुळात शून्यच आहे, मग तिच्याविषयी बोलायचे कशाला’ हा युक्तिवादही याच जातीचा. जातीला स्वभाव नाही हे खरे, परंतु कारणांनी उभी राहिलेली गोष्ट कारणे मोडल्यावाचून जात नाही. ती पाहण्याचे नाकारल्याने तर मुळीच जात नाही. परमार्थ हा व्यवहाराच्या आश्रयानेच शिकविता येतो, हेही नागार्जुनाचेच म्हणणे आहे.

तिसरे रूप साधकाच्या प्रकृतीशी संबंधित आहे. आपण स्वतः किंवा भोवतालचे जग खोटे, दूरचे, काचेपलीकडचे वाटू लागले, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार वारंवार येऊ लागले, तर ती प्रगतीची खूण मानू नये. सराव ताबडतोब थांबवावा, हाताने करावयाची कामे करावीत, माणसांत राहावे आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. ज्यांना आधीपासून नैराश्याचा किंवा अन्य मानसिक आजाराचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा अभ्यास हाती घ्यावा.

लेणी आणि शिबिर

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावहून ती साठेक किलोमीटरवर आहेत, आणि त्यांच्या पायथ्याची वाघूर पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. सोमवारी लेणी बंद असतात. सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूच्या भिंतीवर भवचक्राचे, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याचे, चित्र आहे. ते बरेच खराब झालेले आहे, तरी चौथ्या पायरीनंतर ते पाहावे, कारण प्रतीत्यसमुत्पादाची साखळी चित्रात उतरविण्याचा तो प्राचीन प्रयत्न आहे. दहाव्या लेण्यात पूजास्थानी मूर्ती नाही, केवळ स्तूप आहे. गर्दी नसेल तर तेथे दुसरी पायरी करून पाहावी.

गर्दी नकोच असेल तर चाळीसगावहून कन्नड घाट चढून पितळखोऱ्यास जावे. इसवी सनापूर्वीची ही लेणी आहेत, दगड ठिसूळ असल्यामुळे बरीच पडझड झाली आहे, आणि खाली उतरण्यास पुष्कळ पायऱ्या आहेत, म्हणून पाणी जवळ बाळगावे. तेथील चैत्यगृहातील एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधी कुळातील माणसाने तो दान दिल्याचा लेख आहे. मोघराज ज्या गावावरून पुढे गेला, त्याच गावचा हा दाता.

मौनात सलग बसण्याचा अनुभव हवा असल्यास धुळ्याजवळचे धम्म सरोवर किंवा इगतपुरीचे धम्मगिरी येथील दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करता येते. शिबिराचे शुल्क नसते. खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. तेथे शून्यता या नावाने फारसे शिकविले जात नाही, अनित्य, दुःख आणि अनात्म या भाषेत शिकविले जाते. पहिल्या पायरीत पाहिलेले ‘मी-माझे’चे नसणे म्हणजेच अनात्म, हे ध्यानात ठेवले तर दोन वेगळ्या विद्या शिकत आहोत असे वाटणार नाही. शिबिरात असताना मात्र तेथील पद्धतच पाळावी. या लेखातील सराव तेथे मिसळू नयेत.

बसून उठल्यानंतर

चूळसुञ्ञताच्या लगेच पुढचे सुत्त महासुञ्ञत आहे. कपिलवस्तूत एका शाक्याच्या विहारात भिक्षूंसाठी पुष्कळ बिछाने मांडलेले पाहून बुद्धांनी ते सांगितले. गर्दीत, गप्पांत रमणाऱ्या भिक्षूला एकांताचे सुख मिळत नाही, असा त्याचा आरंभ आहे. त्यात आतून शून्यता, बाहेरून शून्यता आणि दोन्हीकडून शून्यता यांकडे लक्ष देण्यास सांगितले आहे, आणि मग चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, बोलणे व विचार करणे या सहा क्रियांत ते लक्ष कसे न्यावयाचे हे सांगितले आहे.

नवसाधकाने या सहांपैकी बोलणे निवडावे, कारण तेथे ‘मी’ सर्वांत लवकर उभा राहतो. दिवसातील एकच संभाषण ठरवून घ्यावे. दुकानातील, पारावरील किंवा घरच्या जेवणाच्या वेळचे. त्यात आपले नाव राखण्यासाठी बोललेले वाक्य कोणते होते, एवढेच रात्री आठवून वहीत लिहावे. वाक्य चांगले की वाईट याचा निवाडा करू नये. आठवड्यातून एकदा विहारात चार-पाच जणांनी एकत्र बसून आधी अर्धा तास आनापान करावे, मग वरील सुत्तांपैकी एकाचा छोटा उतारा वाचावा, आणि मग इच्छा असेल त्याने आपल्या वहीतील एखादी नोंद वाचून दाखवावी. ऐकणाऱ्यांनी त्यावर सल्ला देऊ नये. मोघराजाचे उत्तर, चूळसुञ्ञत आणि फेणपिंडाचे सुत्त एवढे या रीतीने पुरे झाल्यावर कारिकांकडे वळावे, आणि त्या चंद्रकीर्तीच्या टीकेचा आधार घेऊन, संस्कृत जाणणाऱ्या कोणाच्या तरी सोबतीने वाचाव्यात. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केल्यास बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत गळतात. चोविसावे आधी घेतले तर बाकीची कशासाठी लिहिली आहेत ते कळते.